उद्याच्या पेपरातलं उत्तर

शेवटचा चौकोन भरला तेव्हा मी उलट्या घातलेल्या पेटीवर बसले होते आणि मांडीवर अर्धी पोळी होती. ती तशीच राहिली. मी कागद वरून खाली वाचला, मग आडवा वाचला, मग पुन्हा वरून खाली. एकही चौकोन रिकामा नव्हता. अख्खं शब्दकोडं मी पहिल्यांदाच भरलं होतं. माझे कान गरम झाले होते.

शेजारी माझी मैत्रीण जेवत होती. कळमन्याच्या बाजारात आम्ही दोघी एकाच ओट्यावर संत्री छाटतो, म्हणजे लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी करतो आणि पेट्या भरतो. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं वं? मिरची लागली का?"

"भरलं," मी म्हटलं.

"काय भरलं?"

मी कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नाही. पण काळे चौकोन कोणते आणि भरायचे कोणते हे तिला माझ्याइतकंच कळतं. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"खाली जागाच नाही राहिली बाप्पा," ती म्हणाली. "आता?"

आता काय, हे मलाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत इथवर कधी पोचलेच नव्हते.

हा नाद मला पेट्यांमुळेच लागला. पेटीच्या तळाला आधी जुना पेपर टाकायचा, त्यावर भाताचं तणीस म्हणजे सुका पेंढा, मग संत्री, आणि वरून पुन्हा पेपर. त्यासाठी रद्दीचे गठ्ठे येतात. मी चौथीपर्यंत शिकले. गावातली शाळा तेवढीच होती, पाचवीला नदीपलीकडच्या गावात जावं लागायचं, आणि घरी दोन लहान भावंडं सांभाळायची होती. शाळा सुटली, पण वाचणं सुटलं नाही. पुडीचा कागद, एसटीवरची पाटी, औषधाचं खोकं, जे समोर येईल ते मी वाचायची. मनातल्या मनात, ओठ न हलवता, कारण ओठ हलले की लोक पाहतात. पेटीत पेपर टाकतानाही वाचायची. अर्धी बातमी वाचून व्हायची आणि तिच्यावर तणीस पडायचं.

ते चौकोन पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, रांगोळीचा नमुना छापला आहे. मग एके दिवशी गठ्ठ्यात असा कागद आला की त्यातले निम्मे चौकोन कोणीतरी निळ्या शाईनं भरलेले. कोणाच्या तरी घरी, चहा पिता पिता भरले असतील. मी तो कागद पेटीत टाकला नाही. घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि घरी जाऊन स्वयंपाकाच्या आधी पसरला. खाली एक नंबर, त्याच्यापुढं प्रश्न. वर तोच नंबर, त्याच्यापुढं शब्द. एकेका चौकोनात एकेक अक्षर. आडव्या शब्दातलं अक्षर उभ्या शब्दातही चालतं, हे कळलं तेव्हा मी चुलीवरचं दूध विसरले. एकच अक्षर दोन शब्दांना पुरतं. मला ते इतकं नवल वाटलं की दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलंच.

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मी प्रश्न वाचायची आणि ती उत्तर द्यायची.

"बैलाच्या मानेवर ठेवतात ते लाकूड. तीन अक्षरं."

"जोखड. हे काय विचारणं झालं? पेपरवाल्याले मालूम नाही का?"

"मालूम आहे त्याले. आपल्याले मालूम आहे का, थे पाहून राहिला."

"मास्तरच झाला म्हणा की मंग."

ओट्यावरच्या बाकीच्या बायाही कान द्यायच्या. त्यांचा आवडता खेळ गावांच्या भेंड्यांचा होता. एकीनं गावाचं नाव घ्यायचं, दुसरीनं त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसरं गाव सांगायचं, हात न थांबवता. माल जिथून येतो तीच गावं तोंडावर असायची आणि खेळ दर वेळी एकाच ठिकाणी अडकायचा. नरखेड. वरूड. उमरेड. आमच्याकडच्या गावांना ड वर संपायची खोडच आहे. ड पासून सुरू होणारी गावं दोन मिनिटांत संपायची आणि मग भांडण. "हे गाव आहेच नाही," "आहे, माह्या नणंदेचं सासर आहे." नणंदेचं सासर म्हटलं की कोणी तपासायला जात नाही. मी या खेळात गप्प असायची, पण ड ची गावं गोळा करून ठेवायची आणि मैत्रिणीच्या कानात सांगायची. ती जिंकली की मला चिमटा काढायची.

शब्दकोड्याचं तसं नव्हतं. त्यात नणंदेचं सासर चालत नाही. उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक तरी. आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापलेलं असतं. घरी रोज पेपर येतो त्या माणसाला याचं काही वाटत नसेल. रद्दी मात्र तारखेनं येत नाही. आज एका महिन्यातला सोमवार, मग भलत्याच महिन्यातला शुक्रवार. माझ्याकडं कोडी होती त्यांची उत्तरं नव्हती, आणि उत्तरं होती त्यांची कोडी नव्हती. मी भरत गेले, पण बरोबर भरते आहे की नाही हे मला कधीच कळलं नाही. अर्धवट भरलेल्या कोड्याचं तेवढं मनाला लागत नव्हतं. हे पूर्ण भरलेलं होतं. याचं उत्तर मला पाहिजेच होतं.

काहून पाहिजे, असं मैत्रिणीनं विचारलं. तिला मी बँकेतली गोष्ट सांगितली. कोणालाच सांगितली नव्हती.

खातं उघडायला गेले होते. काउंटरवरच्या माणसानं माझ्या हाताकडं पाहिलं. संत्र्याच्या सालीनं आमची बोटं पिवळी आणि खरखरीत होतात. त्यानं काही न विचारता शाईची डबी माझ्याकडं सरकवली. मला सही येते. चौथीत बाईंनी माझी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली होती. पण मागं रांग होती, तो घाईत होता, आणि मला "सही येते" हे दोन शब्द तोंडातून काढता आले नाहीत. मी अंगठा दिला. आजही त्या बँकेत माझा अंगठाच आहे.

"मंग कोड्याचं अन् अंगठ्याचं काय?" ती म्हणाली.

"हे बरोबर निघालं ना, तर मले लिहिता-वाचता येते. नाही निघालं तर त्या बँकेवाल्याचं बरोबर होतं."

 ती उठली आणि ओट्यावरच्या सगळ्या बायांना माझ्या कोड्याचा नंबर सांगून आली. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण आकडे सगळ्यांना येतात, पेट्या मोजूनच हात बसलेला आहे. कोड्याच्या वर नंबर छापलेला असतो. त्याच्या पुढचा नंबर ज्या पेपरात, त्यातच माझं उत्तर. त्या दिवसापासून रद्दीचा गठ्ठा सुटला की चार-पाच जणी आधी चौकोन शोधायच्या.

"हे पाह्य वं, हे आहे का?"

"नाही, हा तर लय जुना."

"अन् हा?"

मी धावत जायची. कामाच्या जागी मी कधी धावत नाही. एकदा एकीनं कागद हवेत धरला आणि नंबर वाचला, आणि मी हातातली संत्री तशीच टाकली. जवळ जाऊन पाहिलं तर पुढचा नव्हता, पुढच्याच्या पुढचा होता. एका दिवसानं हुकलं. दुसऱ्यांदा माझंच कोडं निघालं, तोच नंबर, कोरं करकरीत. मैत्रीण म्हणाली, "हे घे, दुसऱ्यांदा भर, मंग दोन मिळून एक तरी बरोबर निघन." सगळ्या हसल्या. मीही हसले, तोंडावर पदर न घेता.

मैत्रिणीकडं मोठा मोबाईल आहे. तिनं त्यात तोंड घालून विचारून पाहिलं. मोबाईलनं तिला संत्र्याची बर्फी कशी करायची ते दाखवलं. ती तिनं शेवटपर्यंत पाहिली.

मग एका गठ्ठ्यावर जांभळा गोल शिक्का दिसला. प्रत्येक पेपरावर कोपऱ्यात तोच. मी वाचला. तो आमच्याच भागातल्या वाचनालयाचा होता. सक्करदऱ्याला तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मी रोज ऑटोतून उतरून त्याच्यासमोरून जाते. दारातून लांब टेबल दिसतं, त्यावर पेपर पसरलेले आणि त्यावर वाकलेली डोकी. मी तिथं कधी चढले नव्हते.

"म्हंजे थे लोक जुने पेपर ठेवते," मैत्रीण म्हणाली. "तुह्या घराच्या रस्त्यावर उत्तर पडलं आहे अन् तू इथं रद्दी उकरून राहिली."

"ठेवते अन् मंग विकते. माहं उत्तर विकून झालं असन तर?"

"झालं असन तर इथंच येईन ना. अन् नसन झालं तर जाऊन पाह्य. लवकर जाय."

हे तिचं खरं होतं. आणि तेच भीतीचं होतं.

एका दिवशी माल कमी आला आणि आम्हाला चारच्या आधी सोडलं. मी हात तीनदा धुतले. कोडं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी पदरात बांधली. ऑटोत बसल्यापासून एकच वाक्य पाठ केलं: 'मला या तारखेच्या दुसऱ्या दिवशीचा पेपर पाहायचा आहे.' वाचनालयासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा पायरीवर चप्पल काढली. आत बाकीच्यांच्या पायांत चपला होत्या, हे मी आत गेल्यावर पाहिलं. मग तशीच अनवाणी उभी राहिले.

टेबलाशी माझ्या मुलीच्या वयाची एक बाई बसली होती. वाचनालय तीच सांभाळत होती.

"काय पाहिजे मावशी?"

पाठ केलेलं वाक्य पार गेलं. "उद्याचा पेपर," मी म्हटलं.

"उद्याचा?" ती म्हणाली. "उद्याचा तर उद्या सकाळी येईल."

मी पदराची गाठ सोडायला लागले. ती सुटेना. शेवटी दातांनी सोडली आणि कोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं वरची तारीख पाहिली, नंबर पाहिला, मग चौकोन पाहिले. तिला समजलं.

"हे तुम्ही सोडवलं?"

मी मान हलवली.

"नशीब आहे तुमचं. तुमच्या कोड्याच्या महिन्याचे पेपर बांधून ठेवलेत, परवा रद्दीवाला घेऊन जाणार." ती आत गेली आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आली. सुतळी सोडायला मी मदत केली. गठ्ठे सोडायला मला कोणी शिकवायला नको. पेपरही मीच चाळले, अंगठा ओला न करता, झरझर. ती पाहत राहिली.

सापडला. पान उघडलं. खाली कोपऱ्यात, आगपेटीएवढ्या जागेत, बारीक अक्षरात माझं अख्खं कोडं भरलेलं होतं.

मी एक बोट माझ्या कागदावर ठेवलं आणि एक त्या कागदावर. पहिला आडवा, बरोबर. दुसरा, बरोबर. बोटं पुढं सरकत होती. जोखड तिथं होतं. मैत्रिणीनं सांगितलेला फाळही होता. आडवे सगळे जुळले. उभ्यांना लागले. एक, दोन, तीन, चार. शेवटून दुसऱ्या शब्दावर बोट थांबलं.

प्रश्न होता, 'जहाजांना वाट दाखवणारा दिवा', चार अक्षरं. पहिली दोन अक्षरं आडव्या शब्दांतून मिळाली होती, दी आणि प. पुढच्या दोन चौकोनांना दुसरा शब्द कुठंच लागत नव्हता. मी लिहिलं होतं दीपमाळ. देवळापुढं असते ती. त्यांनी छापलं होतं दीपस्तंभ.

मी तो शब्द चारदा वाचला. समुद्र मी पाहिलेला नाही. जहाजाला दिवा लागतो हे त्या कोड्यातच पहिल्यांदा वाचलं. समुद्राच्या काठावर, अंधारात, कोणीतरी एवढा उंच खांब बांधून त्यावर दिवा ठेवतं, हे डोळ्यांपुढं आलं आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंदच झाला. एवढे सगळे शब्द बरोबर, आणि एक चूक, आणि त्या चुकीतून एक खांब मिळाला. हसू आवरेना. मी तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं तर पलीकडं टेबलावर त्या दिवसाचा ताजा पेपर होता आणि कोऱ्या चौकोनांचं पान वर. पुढं जे झालं ते मी नाही, माझ्या हातानं केलं. पेट्यांवर नंबर टाकायची जाड निळी पेन्सिल माझ्या कमरेला असते. हातानं ती काढली. पहिला प्रश्न वाचला, उत्तर आलं, लिहिलं. दुसरा, लिहिला. पेपर म्हणजे लिहायची वस्तू, उद्या पेटीत जाणारी, हीच माझी सवय. पाच शब्द झाल्यावर मी पानाची चार पदरी घडी घातली, पेटीच्या तळाला घालतो तशी, आणि तळहातानं दाबून कडक केली.

"ओ बाई," कोणीतरी म्हणालं.

टेबलाच्या पलीकडं एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते माझ्या हाताखालच्या घडीकडं पाहत होते. टेबलावरचे बाकीचेही पाहत होते. वाचनालयाची बाई उठून आली.

"मावशी, पेपरवर लिहायचं नसतं. तो सगळ्यांचा असतो."

 मी घडी उलगडून पान सरळ करायला लागले, आणि ते जितकं सरळ करावं तितकी निळी अक्षरं मोठी दिसायला लागली. ती पेन्सिल पुसली जात नाही. पावसात पेट्यांवरचे नंबर जाऊ नयेत म्हणूनच ती आणतात. मला वाटलं, कोडं इथंच ठेवावं, चपलाही राहू द्याव्या, आणि चालू लागावं.

"थांबा," ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला आणि पानावर वाकले. "हे नऊ आडवं अंबाडी कसं काय?"

मला वाटलं, चुकलं. मी पान आणखी जोरात सरळ करायला लागले.

"अहो, विचारतोय मी." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर हातानं आखलेले तेच चौकोन होते, निम्मे भरलेले. "नियम आहे ना, पेपरवर लिहायचं नाही. म्हणून मी सकाळी येऊन चौकोन उतरवून नेतो आणि दिवसभर डोकं खाजवतो. सालीचा दोर, पानांची भाजी. तीन अक्षरं. मी ताग धरून बसलो, तर एक अक्षर कमी पडतंय."

"अंबाडीच," मी म्हटलं. माझा आवाज मला ऐकू आला, म्हणजे त्यांनाही आला असणार. "आमच्या गावाकडं बैलाचा दोर अंबाडीचाच वळत होते. सोलून पाण्यात कुजवा लागते. भाजी आंबट राहते."

"भाजी तर मी परवाच खाल्ली," ते म्हणाले, आणि वाचनालयाच्या बाईंकडं वळले. "दोन दिवसांपूर्वी खाल्लेली भाजी मला आठवत नाही. लिहा यांचं नाव."

बाईंना हसू आलं होतं. पण त्यांनी नियम सोडला नाही. पेपर माझ्यापुढून उचलला आणि म्हणाल्या, "यावर आता एक अक्षर नाही. सभासद व्हा, आणि सरांसारखं उतरवून घेऊन जात जा." त्यांनी एक फॉर्म माझ्यापुढं ठेवला.

फॉर्मवर चौकोन होते. नावाला एक ओळ चौकोनांची, पत्त्याला दोन ओळी. मी पाहतच राहिले. एका चौकोनात एक अक्षर, हे मला सांगावं लागलं नाही. नाव भरलं. पत्ता भरला. शिक्षण लिहायची जागा आली. आजवर कोणी विचारलं की मी 'नाही शिकले' म्हणायची, कारण चौथी म्हटलं की लोक हसतात आणि नाही म्हटलं की गप्प बसतात. मी दोन चौकोन घेतले आणि लिहिलं, चौथी.

सगळ्यात खाली एक मोठी मोकळी चौकट होती. बाईंनी खण उघडला. मी त्या हाताकडं पाहत होते. मला वाटलं, शाईची डबी निघणार, आणि या वेळी मी बोलणार, कसंही करून बोलणार. त्यांनी पेन काढलं.

"इथं सही करा. तुमची ती निळी पेन्सिल नको."

मी सही केली. चौथीतल्या पाटीवर होती तशीच आली, थोडी मोठी. चौकटीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोचायच्या आधीच मैत्रिणीनं लांबून हात केला. मी जवळ गेले तर सगळ्यांचे हात थांबलेले.

"निघालं का बरोबर?"

"एक चुकला. बाकीचे सगळे बरोबर."

"कोनता चुकला?"

मी दीपस्तंभ सांगितला. समुद्र, जहाज, खांब, दिवा. त्यांनी ऐकून घेतलं. मैत्रिणीनं एक संत्रं हातात फिरवलं आणि मोठ्यांच्या ढिगात टाकलं.

"आपल्या इकडं कुठं आहे समुद्र? हे तर त्यानं मुद्दाम विचारलं." मग म्हणाली, "अन् अंगठ्याचं काय झालं?"

"सही केली," मी म्हटलं.

 जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या आधी पेटी उलटी घालून बसली. मी वाचनालयातून उतरवून आणलेले चौकोन पदरातून काढले, वरच्या ओळी जरा वाकड्या आल्या होत्या, आणि पहिला प्रश्न वाचला. मोठ्यानं वाचला. पलीकडच्या ओट्यावरच्या बायांनीही मान वळवली.